ताटावरचा निळा थेंब

ज्वारीच्या एका धांड्याला आमच्याकडं ताट म्हणतात. जेवायच्या ताटालाही ताटच. नांदेडला कॉलेजात असताना माझ्या शहरातल्या मैत्रिणी यावरून माझी टिंगल करायच्या. "काय गं, तुमच्याकडं गुरं ताटात जेवतात म्हणे?" मी म्हणायची, "ताटात नाही, ताटच जेवतात. आणि जेवताना तुमच्यासारखी बडबड करत नाहीत." माझं तोंड तेव्हापासूनच असं. सासरी आल्यावर आठ दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं, की नवी सून बी.एस्सी. आहे आणि भांडखोर आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

सासर अहमदपूरहून चाकूरकडं जाताना फाट्यावरून आत. गावात जिल्हा परिषदेची शाळा, तिथं मी विज्ञान शिकवायची. नवरा उदगीरला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात मी आणि माझे सासरे. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मीही अप्पाच म्हणायची. ते मला बाई म्हणायचे, शाळेतली पोरं म्हणतात तसं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी, आणि बोलणं मोजून-मापून. दोन वाक्यांत भागत असेल तर तिसरं काढायचे नाहीत. माझं दोनशे वाक्यांतही भागायचं नाही, त्यामुळं घरात तोल बरा राहायचा.

अप्पांची गावात एक वेगळीच इज्जत होती, ती किरळीमुळं. कोवळ्या ज्वारीत, किंवा पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीत एक विष उतरतं, त्याला किरळ म्हणतात. गुरानं तसली हिरवी ज्वारी खाल्ली की त्याला किरळ लागते आणि घटकाभरात ते आडवं होतं. पण कापून उन्हात वाळवली की किरळ उडून जाते. किती वाळवायची, हे सांगणारा माणूस म्हणजे अप्पा. ते शेतात जायचे, पान चुरगाळायचे, नाकाला लावायचे, जिभेच्या टोकाला टेकवायचे, आणि सांगायचे, "दोन दिस वाळव." नाहीतर "आज घाल, काय होत न्हाई." गावात हिरवी वैरण पहिल्यांदा दावणीत टाकायच्या आधी माणसं आमच्या दारात यायची. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा.

"अप्पा, घालू का?"

आणि अप्पांचं उत्तर एका शब्दाचं. "घाल." त्या एका शब्दावर दावणी भरायच्या. अप्पा त्याला जबान म्हणायचे. "मी जबान देतो," म्हणायचे, "खेळ न्हाई ह्यो." माझ्या लग्नाआधीपासून, माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून, ती जबान एकदाही खोटी पडली नव्हती.

आमचा जिल्हा तेव्हा नवा झाला होता. आधी कुठल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूर. शाळेला येणाऱ्या पत्रांवर जुन्या जिल्ह्याचं नाव पेनानं खोडून वर नवं लिहिलेलं असायचं. नव्या जिल्ह्याचं कौतुक सगळ्यांना होतं, पण पाऊस काही नव्या जिल्ह्याचा आला नाही. पेरणी झोकात झाली. हायब्रीडचं बी, वर युरिया. अप्पांनी युरिया पहिल्यांदाच हात सैल सोडून टाकला, आणि अप्पांनी टाकला म्हणून गावानंही टाकला. ज्वारी मांडीला लागली आणि आभाळानं पाठ फिरवली. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. पानांच्या सुरळ्या झाल्या. विहिरीचा तळ दिसायला लागला. शाळेतली अर्धी पोरं आईबापाबरोबर रोजगार हमीच्या कामावर जायला लागली आणि मी उरलेल्या अर्ध्यांना पाण्याचे गुणधर्म शिकवत बसले.

मग मध्येच एक सर पडली. जेमतेम एक. कणसाला तिचा काही उपयोग नव्हता, पण चार दिवसांत रानाचा रंग पालटला. कमरेएवढी ज्वारी, हिरवी-काळपट, बघत राहावं अशी. कणीस येणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. पण वैरण तरी झाली, असं म्हणून माणसं हात जोडत होती. गंजीतला जुना कडबा तेव्हा बोटावर मोजायच्या पेंढ्यांवर आला होता. त्या हिरव्या रंगाला आम्ही सगळेच भुललो, बी.एस्सी. झालेली मीसुद्धा. बाईची पदवी कपाटात होती आणि बाई रानाकडं बघून खूश होत होती.

शेजारच्या घरात एक तरुण जोडपं राहायचं. पोरगा अप्पांच्या हाताखाली नांगर धरायला शिकलेला, बाप नसलेला, अप्पांनाच बापाच्या जागी मानणारा. त्याच्याकडं देवणी बैलांची एक जोडी होती, तीच त्याची सगळी इस्टेट. तो एका सकाळी आला, हातात चार ताटं. "अप्पा, घालू का?" अप्पांनी पान चुरगाळलं, वास घेतला, जिभेला लावलं. म्हणाले, "दोन दिस वाळव." त्यानं दोन दिवस वाळवलं. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, परत आला. अप्पांनी वाळलेलं पान पुन्हा चाखलं.

"घाल."

दुपारी मी शाळेतून आले तेव्हा शेजारच्या अंगणात माणसं जमली होती. जोडीतला एक बैल आडवा पडला होता, पाय ताणून. कुणी गूळ-ताक पाजायला बघत होतं, ते तोंडातून तसंच बाहेर येत होतं. दुसऱ्यानं वैरण कमी खाल्ली होती, तो नुसता थरथरत उभा होता, पुढं सावरला. पहिला मात्र आमच्या डोळ्यांदेखत गेला. पोरगा बैलाच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला. रडला नाही, ओरडला नाही. अप्पांकडं तर त्यानं बघितलंसुद्धा नाही, आणि तेच अप्पांना फार लागलं.

"किरळ लागली," माणसं म्हणाली. "वाळवण कमी पडली." कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "अप्पांचा अंदाज चुकला ह्या खेपेला." हळूच म्हणालं, पण अप्पांना ऐकू गेलं. मलाही गेलं. मला असा संताप आला, की त्या माणसाला तिथंच फाडून खावं.

त्या पोराची बायको चुलीपुढं बसली होती. मी तिच्याजवळ गेले. बोलता बोलता ती म्हणाली, "बाई, म्या त्याच्या डोळ्याची पापणी उलटून बघितली. समदी काकवीवानी झालती. काळी-तांबडी." मी ऐकलं, मान डोलावली आणि घरी आले. पायरीवर चप्पल काढताना मात्र मी तिथंच थांबले. कारण किरळीची खूण अप्पांनीच मला सांगितली होती. किरळ लागली की पापणीच्या आत लालभडक होतं, जास्वंदीसारखं. काकवीसारखं नव्हे.

नांदेडला आमचे एक सर होते. वनस्पती अन्न कसं घेतात हे शिकवता शिकवता ते एकदा विषय सोडून गुरांवर गेले होते. दुष्काळात ज्वारी-मक्याच्या खोडात नत्र, म्हणजे नायट्रेट, साठून राहतं, म्हणाले, आणि ते खाल्लेल्या जनावराचं रक्त चॉकलेटसारखं होतं. आम्ही पोरी चॉकलेट या शब्दावर खिदळलो होतो. माझ्या वहीत त्या दिवशी फक्त एक ओळ होती आणि तिच्या बाजूला मैत्रिणीनं काढलेलं चॉकलेटचं चित्र. वही मी माळ्यावरून काढली. ओळ जागेवर होती.

तोवर अप्पा आले होते. पाय न धुता ओसरीवर बसले. मग एकदम म्हणाले, "माझी जबान खोटी न्हाई. त्यानं दोन दिस नीट वाळवलं नसंल. मी आपली ज्वारी आज कापतो, तीन दिस वाळवतो. गुरुवारी सकाळी आपल्या गाईला घालतो. मग बघू दे गावाला."

आमची गाय देवणी, वानेऱ्या वाणाची, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. अप्पांनी तिला वासरापासून वाढवलेली. ती गाभण होती, दिवस भरत आले होते. अप्पा हट्टानं ज्या जनावरावर पैज लावत होते, त्याच्यावर त्यांचा माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त जीव होता.

मी म्हणाले, "अप्पा, त्या बैलाची पापणी लाल नव्हती. ही किरळ नाही. हे दुसरंच काहीतरी आहे, आणि ते वाळवून जात नाही."

"तू गुरं किती राखलीस, बाई?"

"गुरं नाही राखली, पोरं राखते. वळायला सारखीच जड."

दुसऱ्या वेळी ते हसले असते. त्या दिवशी उठून विळा घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात हिरवी ज्वारी पसरली होती. गाय खुंट्याला बांधलेली, तिकडं बघून हंबरत होती. तीन दिवस तिला त्याच्यासमोर उपाशीपोटी बसायचं होतं, जुन्या कडब्याच्या दोन काड्यांवर.

मंगळवारी मी शाळेतलं प्रयोगाचं कपाट उघडलं. नत्र ओळखायची एक परीक्षा पुस्तकात असते. नळीत हिराकस घालायचा, वरून गंधकाचं तीव्र आम्ल हळूच सोडायचं, मधे तपकिरी कडं दिसलं की नत्र आहे. मी ताटं वाटली, रस काढला, आणि अप्पांना मुद्दाम बोलावून आणलं. माझी ऐट तर बघायला हवी होती! आम्ल सोडलं. कडं आलं, पण काळंकुट्ट. मी आनंदानं ओरडायच्या बेतात होते, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "आता आपल्या जुन्या कडब्याचं कर." केलं. तेही काळं. ज्वारीच्या रसात साखर असते आणि तीव्र आम्लानं साखर जळून काळी पडते, हे मी स्वतः दरवर्षी पोरांना करून दाखवायची. त्या दिवशी नेमकं तेच विसरले.

"बाई," अप्पा म्हणाले, "तुझी नळी समद्यांनाच काळं म्हनती." आणि काठी टेकत निघून गेले. तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. नववीची पोरं खिडकीतून बघत होती. त्यांच्यावर खेकसले, दुसरं काय करणार?

राग शांत झाल्यावर वही पुन्हा उघडली. चॉकलेटच्या चित्राखाली, अगदी कोपऱ्यात, सरांनी सांगितलेलं एक नाव मी चुकीच्या स्पेलिंगनं लिहिलं होतं. डायफिनिलअमाइन. आम्लात विरघळवून त्याचा एक थेंब चिरलेल्या खोडावर टाकायचा. नत्र असेल तर निळा रंग लगेच, डोळ्यांसमोर. ते शाळेच्या कपाटात कुठून असणार! पण नव्या जिल्ह्याला माती तपासायची नवी प्रयोगशाळा मिळाल्याचं मी ऐकलं होतं. बुधवारी किरकोळ रजा टाकली, पदराखाली दोन ताटं गुंडाळून घेतली आणि पहिल्या एस.टी.नं लातूर गाठलं.

प्रयोगशाळा म्हणजे खोकीच खोकी. टेबलं भुशात गुंडाळलेली, दारावरच्या पाटीचा रंग ओला. एक गृहस्थ बाह्या वर करून खिळे उपसत होते. मी ताटं पुढं केली. ते म्हणाले, "मातीची पिशवी आणायची, बाई. इथं मातीचं परीक्षण होतं, ताटाचं नाही." झालं! माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "माती खाऊन बैल मेला नाही, ताट खाऊन मेला. उद्या सकाळी आमची गाय मरेल. मग तिची माती पाठवू का तुम्हाला पिशवीतून?" ते हसायला लागले. "भांडू नका हो. नळाला पाणीसुद्धा आलेलं नाही अजून इथं. काय हवंय तेवढं सांगा." मी नाव सांगितलं. चुकीच्या उच्चारानं सांगितलं असणार, पण त्यांनी ओळखलं. दोन खोकी फोडली, तिसऱ्यात सापडलं. त्यांनीच ते आम्लात कालवलं आणि थेंब टाकायच्या तपकिरी काचेच्या बाटलीत भरून दिलं. दिसायला पाण्यासारखं. माझी ताटं मी तिथं चिरली नाहीत, पहिला थेंब अप्पांच्या समोरच पडायला हवा होता. "कातडीवर पडू देऊ नका, भाजेल," म्हणाले. "आणि काय झालं ते कळवा. या नव्या जिल्ह्यातलं माझं पहिलं काम आहे हे."

ती बाटली मी मांडीवर धरून आणली. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय वो बाई, इतकं जपून?" मी म्हणाले, "डोळ्यात घालायचं औषध." आज सांगताना अंगावर काटा येतो, पण खोटं म्हणाल तर ते खोटंही नव्हतं. डोळे उघडायलाच नेत होते.

गुरुवारी सकाळी मी उठले तेव्हा अप्पांची पूजा झाली होती. विभूतीचे पट्टे ताजे होते. अंगणातल्या ज्वारीची पेंढी त्यांच्या हातात, पावलं दावणीकडं. मी मधे जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पसरून, पोरखेळात उभं राहतात तशी.

"बाजूला हो, बाई."

"एक थेंब, अप्पा. एकच. मग तुमची गाय आणि तुमची जबान."

कशामुळं थांबले कोण जाणे. पेंढी खाली ठेवली, त्यातून स्वतः एक ताट उपसलं. मी विळ्यानं बुडाशी उभं चिरलं आणि चिरेवर थेंब सोडला. श्वास घ्यायच्या आत निळं झालं. शाईची दौत सांडावी तसं निळंभोर. तीन दिवस कडक उन्हात वाळलेलं ताट, वाजवलं तर वाजेल असं, आणि तरी निळं!

अप्पा खाली वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ह्ये औषधच निळं करत असंल. परवाच्यावानी."

ते हेच म्हणतील, याची मी वाट बघत होते. जुन्या कडब्याचं ताट चिरलं, थेंब टाकला. किंचित तांबूस झालं, निळं नाही. पुन्हा टाकला. नाही. अप्पांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माझ्या हातातून विळा घेतला. आपल्या रानातली ताटं, ज्याला युरिया पोचला नव्हता त्या बांधाकडची ताटं, शेजारच्याच्या अंगणात उरलेली ताटं, सगळी मागवली. ते चिरत होते, मी थेंब टाकत होते. आमच्या रानातलं निळं. बांधाकडचं नुसतं फिकट. शेजारच्याचं असं निळं, की जवळजवळ काळं. मग त्यांनी अशी गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. एक लांब ताट बुडापासून शेंड्यापर्यंत चिरलं आणि म्हणाले, "टाक, वितीवितीवर." बुडाशी गडद निळं. वीतभर वर त्याहून कमी. मधे फिकं. शेंड्याकडं आणि पानात काहीच नाही.

अप्पा खाली बसले. बसताना एक थेंब त्यांच्या धोतरावर पडला आणि बघता बघता तिथं भोक पडलं. त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं.

"ह्ये हाय तरी काय, बाई?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. पुस्तकातले शब्द तोंडावर आले होते, ते गिळले. म्हणाले, "अप्पा, आपण युरिया टाकला. मातीतल्या जीवांनी त्याचं रूप बदललं, मुळांना पिता येईल असं केलं. मुळं ते पाण्याबरोबर वर पाठवतात. म्हणजे दळण घरात आलं. पण नुसत्या पिठानं पोट भरत नाही, भाकरी करावी लागते. झाडाची चूल पानात असते. पाणी आणि ऊन दोन्ही असेल तर पान त्या नत्राची भाकरी करतं, त्यातनंच झाडाचं अंग भरतं. आपलं झाड महिनाभर तहानलेलं. मग ती एक सर आली. मुळांनी इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम ओढून घेतलं. पण पानातली चूल काही धड पेटली नाही. मग सगळं पीठ दारातच पडून राहिलं, बुडाशी. म्हणून बूड निळं आणि शेंडा पांढरा. गुराच्या पोटात ते गेलं की त्याचं आणखी वाईट रूप होतं, ते रक्तात शिरतं, आणि रक्ताला श्वास वाहता येत नाही. म्हणून पापणी काकवीसारखी."

"आन् वाळवून?"

"किरळ वाऱ्यासारखी आहे, उडून जाते. हे मिठासारखं आहे. मीठ उन्हात घातलं तर उडतं का?"

गाय हंबरली. अप्पांनी उठून पेंढी दावणीपासून लांब नेऊन टाकली आणि गाईच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. मला रडू आलं, आणि मी काही सहज रडणारी बाई नाही.

मग ते काठी न घेताच बाहेर पडले. मी बाटली घेऊन मागं. लिंबाच्या पारावर माणसं बसली होती, शेजारचा पोरगाही होता. अप्पा पारावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. म्हणाले, "किरळ नव्हती ती. दुसरं इख हाय, वाळवून जात न्हाई. मला ठाऊक नव्हतं. मी चुकलो. ह्या पोराचा बैल माझ्या जबानीनं गेला."

मी पुढं आयुष्यात पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, मोठमोठ्या खुर्च्यांवरची. चार माणसांत उभं राहून 'मला ठाऊक नव्हतं, मी चुकलो' असं म्हणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याला सही करता येत नव्हती. त्या घरची सून असल्याचा मला त्या घटकेला जो अभिमान वाटला, तसा पदवी घेतानाही वाटला नव्हता.

मग अप्पांनी सांगितलं, "फेकून देऊ नका कुणी. बूड सोडून कापा, दीड वीत. वरचं तेवढं घ्या. जुन्या कडब्यात मिसळून थोडं-थोडं घाला, उपाशीपोटी घालू नका. आन् आधी बाईचा थेंब बघा, मग दावणीत टाका." मी फक्त विष ओळखलं होतं. अर्धी वैरण वाचवली ती अप्पांनी, ताट बुडापासून शेंड्यापर्यंत चिरून. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं, आताही सांगते.

त्या दुष्काळात आमच्या गावात त्या विषानं दुसरं जनावर गेलं नाही. आजूबाजूच्या गावांतली माणसं बगलेत ताटं घेऊन शाळेत यायची, मधल्या सुट्टीत पोरांसारखी रांग लावायची. लातूरच्या त्या गृहस्थांना मी पत्र लिहिलं, तर त्यांनी आणखी एक बाटली पाठवली आणि सोबत लिहिलं, की नळाला पाणी आलं. आमची गाय सुखरूप व्याली, गोऱ्हा झाला, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. ते भोक पडलेलं धोतर अप्पांनी शेवटपर्यंत टाकलं नाही. पाहुणे आले की भोकात बोट घालून दाखवायचे, "आमच्या बाईचा दवा हाय ह्यो!"

पण त्या सगळ्याच्या आधीची, त्याच गुरुवारची संध्याकाळ. अप्पा पारावरून आल्यापासून ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसले होते. जेवले नव्हते. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा कुणाला 'घाल' म्हणणार नाही. आणि आपणच त्याच्या तोंडचा तो शब्द काढून घेतला, या विचारानं मला स्वतःची चीड येत होती.

दारात शेजारचा पोरगा आला. हातात ज्वारीचे शेंडे, बूड सोडून कापलेले. बाटली माझ्या हातात होती, मी दारातच उभी होते. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ ओसरीपाशी गेला.

"अप्पा, घालू का?"

एरवी मी चिडले असते. अप्पांनी वळून बघितलं. मग माझ्याकडं हात केला, मी बाटली दिली. त्यांनी एक-एक शेंडा खालच्या टोकाशी चिरला, प्रत्येकावर थेंब टाकला, आणि दिव्याजवळ नेऊन नीट बघितलं. कुठंच निळं आलं नाही. तरी त्यांनी ते माझ्यापुढं धरले. मी बघितले, मान हलवली. पण अप्पा बोलेनात. पोरगा हलेना. तो मान खाली घालून तसाच थांबून राहिला, तो शब्द ऐकल्याशिवाय तिथून पाऊल उचलणार नाही असा.

अप्पांनी विभूतीच्या पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला.

"घाल," म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर."